गुलमर्गच्या बर्फाचे अंदाज: कोकणातून जाणाऱ्याने काय उघडावं, कोणता आकडा वाचावा

हर्णै-मालवणच्या बंदरात मोबाइलवर विंडी उघडून वाऱ्याचे रंग बघणं आता कुणाला नवं नाही. तेच अ‍ॅप घेऊन आपल्याकडची मंडळी गुलमर्गला स्कीइंगला निघतात आणि तिथे गणित चुकतं. दर्यावर सगळं एकाच पातळीला असतं, त्यामुळे वाऱ्याचा आणि लाटेचा एकेक आकडा पुरतो. डोंगरावर मात्र एकाच तासाला पायथ्याशी एक हवामान आणि माथ्यावर दुसरंच असतं. म्हणून गुलमर्गचा कुठलाही अंदाज पाहताना पहिला प्रश्न एकच: हा आकडा किती उंचीचा?

तीन उंच्या पाठ करून ठेवा. गुलमर्गचं पठार साधारण २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगदूरीला, म्हणजे ३,०८० मीटरच्या आसपास सोडतो. दुसरा टप्पा आफरवत डोंगराच्या धारेजवळ, ३,९५० मीटरच्या सुमाराला. हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, त्यामुळे हॉटेलच्या दारात शून्य अंश असेल तेव्हा वरच्या स्टेशनवर उणे आठच्या खाली पारा असतो. खाली पावसाचा रपरपाट आणि वर कोरडा, भुसभुशीत बर्फ हे एकाच दुपारी घडू शकतं.

या कामासाठी सगळ्यात सरळ साधन म्हणजे स्नो-फोरकास्ट डॉट कॉम. पायथा, मध्य आणि माथा अशा तिन्ही उंच्यांचा अंदाज ती साइट वेगवेगळा देते, आणि तेच तिचं खरं मोल आहे. कोणती उंची निवडलेली आहे हे न बघता लोक सेंटिमीटरचा आकडा वाचतात, माथ्यावरचा ४० सेंटिमीटर बर्फ पठारावर पडेल असं धरून चालतात आणि मग नवशिक्यांच्या उतारावर चिखल बघून हिरमुसतात. आकड्यांच्या खाली गोठणपातळीची, म्हणजे हवा ज्या उंचीवर शून्य अंशाला येते तिची ओळ असते. ती आधी वाचा. पडणारा बर्फ त्या पातळीखाली साधारण दोनशे-तीनशे मीटरपर्यंत टिकतो, मग त्याचं पाणी होतं. गोठणपातळी २,९०० मीटरवर असेल तर गुलमर्गच्या पठारावर बर्फ की पाऊस हे काठावर आलं. ती ३,२०० वर गेली तर पठारावर पाऊस, कोंगदूरीला ओला जड बर्फ, आणि खरी मजा फक्त दुसऱ्या टप्प्यावर. २,००० च्या खाली असेल तर निश्चिंत व्हा, घाटाच्या पायथ्याच्या टंगमर्गलाही बर्फच पडेल.

सेंटिमीटरचा आकडा मुळात पाण्याच्या मिलिमीटरवरून काढलेला असतो. १ मिलिमीटर पाण्याचा १ सेंटिमीटर बर्फ हा कामचलाऊ हिशेब. कडक थंडीत तेवढ्याच पाण्याचा दीड सेंटिमीटर होतो, शून्याजवळ जेमतेम अर्धा-पाऊण. म्हणून ३० लिहिलं असेल तर मनात १५ ते ४५ धरावं. सकाळचा आणि संध्याकाळचा अंदाज वहीत टिपून ठेवला की आणखी उलगडा होतो: आकडा सलग तीन-चार वेळा स्थिर राहिला तर त्यावर बेत आखता येतो, १० वरून ५० आणि परत १५ अशा उड्या मारत असेल तर अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलचंच अजून ठरलेलं नाही. जमिनीवर आधीच साचलेल्या बर्फाची जाडी कुठेही दिसली तर ती कोणत्या तारखेची, हे आधी तपासा. पठाराचा बराच भाग गवताळ आणि गुळगुळीत असल्यामुळे शिकणाऱ्याला तिथे ३०-४० सेंटिमीटर दाबलेला बर्फ पुरतो. आफरवतवर खडक आहेत, तिथे मीटरभराहून जास्त बर्फ नसेल तर स्कीच्या तळाला ओरखडे पडलेच समजा.

विंडीचा उपयोग दुसरा आहे: वारा, आणि मॉडेलांची तुलना. युरोपीय ईसीएमडब्ल्यूएफ मॉडेलचा एक चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, अमेरिकी जीएफएसचा विंडीवर २२ किलोमीटरचा. अरबी समुद्रावर ९ किलोमीटर म्हणजे काहीच नाही. गुलमर्गला मात्र तेवढ्या अंतरात पठार आणि आफरवतचा माथा दोन्ही येतात, म्हणून मॉडेलचा डोंगर बोथट होतो आणि जमिनीलगतचा वारा प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसतो. उपाय सोपा आहे. उजवीकडची उंचीची पट्टी वर सरकवा (तिथे उंची हवेच्या दाबात लिहिलेली असते): कोंगदूरीसाठी ७०० हेक्टोपास्कल, म्हणजे साधारण ३,००० मीटर, आफरवतसाठी ६०० हेक्टोपास्कल, म्हणजे ४,२०० मीटर. दुसरा टप्पा चालू राहील की नाही याचा अंदाज त्या वरच्या वाऱ्यावरून येतो, हॉटेलच्या खिडकीतून दिसणाऱ्या स्तब्ध झाडांवरून येत नाही. सरासरीबरोबर झोतही पाहा. मतलई वाऱ्यात नौका काढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

दिशेकडेही लक्ष हवं. हिवाळ्यात इथे बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्राकडून येतात आणि त्यांचा वरचा वारा बहुधा नैर्ऋत्य-पश्चिमेचा असतो. आफरवतचे स्कीचे उतार गुलमर्गकडे, म्हणजे पूर्व-ईशान्येला तोंड करून आहेत. ते वाऱ्याच्या आडोशाला येतात, आणि धारेपलीकडचा बर्फ उडून नेमका त्यांच्यावर साचतो. अंदाजात २५ सेंटिमीटर असताना धारेखालच्या घळीत त्याच्या दुप्पट जाड, घट्ट पाट, म्हणजे बर्फाचा सलग थर, तयार होऊ शकतो, आणि हिमस्खलनात सुटतो तो असाच पाट. यासाठी अ‍ॅप पुरत नाही, हिमस्खलनाचं पत्रक वाचावं लागतं. संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था जिल्हानिहाय, उंची नमूद करून, पाच पायऱ्यांचा इशारा देते. त्यात ‘गुलमर्ग’ शोधू नका, बारामुल्ला जिल्हा पाहा. २०२३ च्या १ फेब्रुवारीला आफरवतच्या हापतखुड भागात हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले, २०२४ च्या २२ फेब्रुवारीला गुलमर्गमध्येच एक रशियन. मोठ्या हिमवर्षावानंतरचे २४ ते ४८ तास सर्वांत वाईट. डिसेंबरच्या पहिल्या बर्फानंतर लांबलचक कोरडी थंडी पडली असेल तर अधिकच सांभाळा: तळाच्या बर्फाचे साखरेसारखे सुटे दाणे होतात आणि त्यावर पडलेला नवा थर नीट धरत नाही. स्की पेट्रोलने उघडलेल्या हद्दीबाहेर जायचंच असेल तर ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून पाहायची लांब काठी), फावडं आणि स्थानिक गाइड, यातलं एकही कमी चालणार नाही.

हवामान विभागाच्या श्रीनगर केंद्राचं पत्रक आपल्याला वाचायला सर्वांत सोपं, कारण भाषा पावसाळ्यातल्या कोकणाच्या इशाऱ्यांचीच आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर, ‘बहुतेक ठिकाणी’ म्हणजे पंचाहत्तरच्या वर. पिवळा, नारिंगी, लाल हेही तेच. सेंटिमीटरच्या बारकाव्यासाठी ते पत्रक नाही, पण विक्षोभ कोणत्या दिवशी शिरतो आणि कधी निघून जातो हे त्यात स्पष्ट कळतं. नोंदलेले आकडे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असे असतात, त्यामुळे मंगळवारच्या नोंदीत सोमवार दिवसभराचा बर्फ मोजलेला असतो.

बेत आखताना अडचण ही की इथून तिकिटं महिनाभर आधी काढावी लागतात आणि भरवशाचा अंदाज तीन दिवसांचाच असतो. पाच-सात दिवसांवर फक्त विक्षोभ येतोय एवढं कळतं. २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा चिल्लई कलान, काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीचा काळ, म्हणजे हमखास बर्फ, हा भरवसा आता धरू नये. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चात ढकलावा लागला. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ धरा आणि गुलमर्गला किमान पाच रात्री ठेवा. बर्फ पडण्याचा दिवस, दुसरा टप्पा बंद राहण्याचा दिवस, मग उघडलेलं आकाश, एवढा क्रम त्यात बसतो. दोन रात्रींचं पॅकेज घेतलं तर कितीही अचूक अंदाज असून उपयोग नाही. मार्चात गेलात तर वेळ बदला: उन्हाच्या बाजूचा बर्फ रात्री काचेसारखा गोठतो, सकाळी दहाच्या पुढे मऊ पडतो आणि दुपारी गुडघ्यांना ओढतो. तासभर उशिरा चढलेलं बरं.

टंगमर्ग ते गुलमर्ग हा शेवटचा १३ किलोमीटरचा घाट ताज्या बर्फात साखळ्या लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाडीनेच चढता येतो. अंदाजात परतीच्या दिवशी बर्फ दिसला तर आदल्या दुपारीच श्रीनगरला उतरा. आणि एक गोष्ट घरून निघण्यापूर्वीच करायची: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. विमानतळाबाहेर पडताच विंडीही बंद आणि इशाऱ्याचं पत्रकही. घरात कुणाचं पोस्टपेड असेल तर ते सोबत घ्या, नसेल तर हॉटेलला वायफाय आहे का ते फोन करून विचारा, आणि श्रीनगरपर्यंतच्या प्रवासात पुढच्या तीन दिवसांच्या अंदाजाचे तिन्ही उंच्यांचे स्क्रीनशॉट फोनमध्ये साठवून ठेवा.