हेडसेट, खुर्ची की मोहोळचा रस्ता?

दोन वर्षांपूर्वी माझा मामेभाऊ सोलापूरहून जाताना मोहोळच्या अलीकडे रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकला. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. हाड जुळलं, पण साधा ट्रॅक्टर दिसला तरी त्याला घाम फुटायचा. मग घरात खल सुरू झाला: पुण्या-मुंबईला व्हीआर (हेडसेटमधून दिसणाऱ्या आभासी दृश्यांचे) उपचार शोधायचे, की सोलापुरातच समुपदेशकाकडे बसायचं?

तत्त्व दोन्हीकडे एकच. जी आठवण आपण टाळतो, तिच्याकडे सुरक्षित जागी पुन्हापुन्हा जायचं. जाऊन जाऊन ती बोथट होते.

व्हीआरमध्ये डोळ्यांवर हेडसेट चढतो. अंधार किती, हॉर्न कधी, गर्दी केव्हा वाढवायची हे समुपदेशक संगणकावरून ठरवतात. ज्याला आठवण डोळ्यांसमोर आणताच येत नाही, किंवा जिथे परत जाणं शक्यच नाही, त्याच्यासाठी हे खरंच मोलाचं. व्हिएतनाम आणि इराकमधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी अशी दृश्यं बनवली गेली, ती त्यासाठीच. पण त्यात इराकमधली गल्ली आहे, आपली उसाची ट्रॉली नाही. शिवाय काहींना मळमळतं, चक्कर येते.

दुसरी पद्धत समुपदेशकासमोर खुर्चीत बसून बोलण्याची. ती बसवली मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी. साधारण ८ ते १५ बैठका, बहुधा दीड-दीड तासाच्या. डोळे मिटून वर्तमानकाळात सांगायचं: "लांबोटी गाव मागे पडलं, समोर अंधार आहे, मी गियर बदलतोय..." मध्येच प्रश्न येतो, शून्य ते शंभरात त्रास किती? हे सगळं रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या आठवड्यात भाऊ मोबाईल उशीखाली दडवून ठेवायचा.

गुण कशाने जास्त? अमेरिकी सैनिकांवरच्या २०१६च्या एका अभ्यासात उपचारांच्या प्रतीक्षेत ठेवलेल्यांपेक्षा व्हीआरचा आणि खुर्चीचा, दोन्ही गट सुधारले. मात्र तीन आणि सहा महिन्यांनी साधी खुर्चीतली पद्धतच व्हीआरच्या पुढे होती. म्हणून माझं मत: आठवणीतली जागा तासाभराच्या अंतरावर असेल, तर हेडसेटसाठी पुण्याच्या खेपा घालू नका. ते पैसे आघातावरच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला माणूस शोधण्यात घाला. पाटीवर नुसतं 'समुपदेशन' लिहिलंय म्हणून आत शिरू नका. ही पद्धत शिकलात का, असं थेट विचारा. आणि यूट्यूबवरचे ३६० अंशांचे व्हिडिओ लावून घरी प्रयोग तर नकोच.

दारू वाढली असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

भावाने खुर्ची निवडली. पुढे प्रत्यक्ष रस्ताही आला, टप्प्याटप्प्याने. पहिल्या दिवशी सोलापूरच्या वेशीवरच्या बाळे गावापर्यंत, तिथल्या खंडोबाला हात जोडून परत. चौथ्या खेपेला लांबोटीचा चिवडा घेऊन आला. मोहोळ अजून राहिलंय.