शिसं, लोखंड की अ‍ॅल्युमिनियम: गॅमाच्या प्रोजेक्टला कोणत्या प्लेट्स घ्याल?

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट गॅमा शोषणावर (धातूच्या प्लेट्स गॅमा किरण किती अडवतात यावर) मिळाला की नागपूरची पोरं थेट इतवारीतली लोहा ओळ गाठतात आणि शिशाचा पत्रा मागतात. जरा थांबा. लॅबमध्ये सोर्स, म्हणजे गॅमा सोडणारा किरणोत्सारी पदार्थ, कोणता आहे ते आधी विचारा, धातूचं मग बघू.

सीझियम-137 असेल (गॅमाची ऊर्जा 662 केइव्ही, म्हणजे किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट), तर गॅमा निम्म्यावर आणायला शिसं साधारण साडेपाच मिमी लागतं, लोखंड 12 आणि अ‍ॅल्युमिनियम 34. शिशाने बाजी मारली म्हणता? आता वजनात मोजा. चौरस सेंटिमीटरमागे शिसं सव्वासहा ग्रॅम, तर लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही सव्वानऊच्या आसपास! या ऊर्जेला दोघांतही जवळपास सगळा कारभार कॉम्प्टन स्कॅटरिंगचा (फोटॉन, म्हणजे गॅमाचा कण, इलेक्ट्रॉनवर आपटून ऊर्जा गमावत वळतो), आणि त्याचा मतलब फक्त इलेक्ट्रॉनच्या संख्येशी. ग्रॅममागे ती दोघांत जवळजवळ सारखीच. शिशाचा अणुक्रमांक 82, म्हणून तिथे प्रकाशविद्युत शोषणाची (अणू अख्खा फोटॉनच गिळतो) भर पडते. आणखी जास्त ऊर्जेच्या कोबाल्ट-60 सोर्सला ही भरही आटते. वजनाच्या हिशेबात शिशाचा फायदा जेमतेम दहा टक्के उरतो.

अमेरिशियम-241 ला (59.5 केइव्ही) गणित उलटं. मिलिमीटरभर शिसं जवळपास सगळंच गिळतं, मग आलेखावर बिंदू कुठून आणणार? तिथे अ‍ॅल्युमिनियमच घ्या.

स्कॅटरिंग मोजायचं असेल तरीही माझं मत अ‍ॅल्युमिनियमच्या कांबीला. सीझियमचा फोटॉन 90 अंशांत वळला की 288 केइव्हीचा होतो. शिसं त्यातले बरेचसे आतच अडवतं, वर स्वतःचे 75 केइव्हीच्या आसपासचे क्ष-किरण मिसळतं.

शोषणासाठी मी सीझियमसोबत लोखंड आणि शिसं असे दोन्ही संच घेईन. अ‍ॅल्युमिनियमचा थर इतका जाड होतो की वळलेले फोटॉनही डिटेक्टरमध्ये शिरतात आणि शोषण गुणांक (धातू गॅमा किती झपाट्याने अडवतो तो आकडा) कमी निघतो. डिटेक्टर ऊर्जा ओळखणारा सोडियम आयोडाइडचा असेल तर फक्त 662 च्या शिखरातले काउंट मोजून यातून बरंचसं सुटता येतं. जीएम (गायगर-म्युलर) ट्यूब फक्त कण मोजते, तिला ऊर्जेतला फरक कळतच नाही, तिथे शिशाचा कॉलिमेटर (किरणांना सरळ वाट देणारं भोक) अरुंद ठेवा.

शिसं घ्याल तर जाडीवर विसंबू नका. व्हर्नियरचे जबडे जरा घट्ट झाले की पत्र्यावर खळगा पडतो. प्लेट तोला, क्षेत्रफळाने भागा आणि तोच आकडा एक्स-अक्षावर घ्या. हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा, चहा त्यानंतर.