गिल्बर्ट सेल, डायोड रिंग की बस-स्विच: रिसीव्हरसाठी मिक्सर निवडताना

७ मेगाहर्ट्झचा बँड रात्री ऐकणाऱ्यांना हा त्रास नवा नाही. शेजारीच दांडगी प्रसारण केंद्रं असतात आणि बँडच्या मधोमध, जिथे शांतता हवी तिथे, दोन कार्यक्रमांची सरमिसळ ऐकू येते. ७.२५ आणि ७.३५ वर दोन जोरकस केंद्रं असली की दुप्पट ७.२५ वजा ७.३५ या हिशेबाने ७.१५ वर तिसरं, मुळात नसलेलं केंद्र उभं राहतं. ते अँटेनातून येत नाही, बहुतेक वेळा आपल्याच मिक्सरमध्ये, म्हणजे आलेला सिग्नल आतल्या ऑसिलेटरशी मिसळून त्याची वारंवारता बदलणाऱ्या भागात, तयार होतं. दुसऱ्या क्रमाचं विरूपण (दोन वारंवारतांची साधी बेरीज-वजाबाकी) चांगला प्रीसिलेक्टर, म्हणजे मिक्सरआधीचा फिल्टर, बराचसा रोखतो. तिसऱ्या क्रमापुढे (वरचा 'दुप्पट वजा एक' हिशेब) त्याचं फारसं चालत नाही, कारण दोन्ही केंद्रं फिल्टरच्या पट्ट्यातूनच आत आलेली असतात. म्हणून खरा निर्णय मिक्सरचा. घरी रिसीव्हर बांधताना गिल्बर्ट सेल (ट्रान्झिस्टरांचा आयसी), डायोड रिंग (चार डायोडांचं कडं) आणि बस-स्विचचा (डिजिटल सिग्नल चालू-बंद करणाऱ्या आयसीचा) एच-मोड हे तिन्ही मिक्सर मी वापरले आहेत. प्रयोगशाळेची उपकरणं माझ्याकडे नाहीत, त्यामुळे पुढचं बरंचसं कानांनी ठरवलेलं आहे.

कानांनी ठरवायची एक रीत मात्र भरवशाची आहे. अँटेनापाशी ६ डेसिबलचा अटेन्युएटर लावा. खरा सिग्नल ६ डेसिबलच उतरतो, तिसऱ्या क्रमाचं भूत १८ डेसिबल उतरतं. जे जवळजवळ गायब झालं ते मिक्सरचं किंवा त्याच्या पुढच्या ॲम्प्लिफायरचं अपत्य समजावं.

गिल्बर्ट सेलबद्दल, म्हणजे एनई६०२ आणि त्याच्या भावंडांबद्दल, फार लिहायला नको. अडीच मिलिअँपिअरपेक्षाही कमी करंट, १७-१८ डेसिबलचं कन्व्हर्जन गेन (मिसळताना सिग्नलची होणारी वाढ) आणि ऑसिलेटर आतच; बॅटरीवरच्या छोट्या सेटसाठी याहून सोपं काही नाही. पण इनपुट इंटरसेप्ट (मोठे सिग्नल सोसण्याचं माप, जितकं वर तितकं चांगलं) उणे १३ डीबीएमच्या (१ मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबल) आसपास आहे, आणि मोठी अँटेना लावल्यावर ते लगेच कळतं. आधी नीट ट्यून केलेली दोन सर्किट्स, त्याआधी बदलता अटेन्युएटर आणि आरएफ ॲम्प्लिफायर अजिबात नाही, असं केलं तर तो बरंच सोसतो. मिक्सरच्या आधी दिलेलं प्रत्येक डेसिबल गेन रिसीव्हरच्या इंटरसेप्टमधून तेवढंच वजा होतं, हे कुठल्याही मिक्सरला लागू आहे. खालच्या एचएफ बँडवर आकाशातला गोंगाटच इतका असतो की ते गेन सहसा लागतही नाही.

डायोड रिंगवर मी बरीच वर्षं काढली आणि तिच्याबद्दल आदर आहे. +७ डीबीएम ड्राइव्हची, म्हणजे ऑसिलेटरकडून तेवढी शक्ती घेणारी, रिंग इंटरसेप्ट +१३ ते +१५ डीबीएमपर्यंत नेते. एनई६०२ च्या मानाने ही मोठीच झेप आहे. आयएफच्या (मिक्सरमधून निघणाऱ्या मधल्या वारंवारतेच्या) बाजूला डिप्लेक्सर (नको त्या वारंवारता जिरवणारं सर्किट) आणि त्यामागे भरपूर करंट घेणारा ॲम्प्लिफायर हवा, नाहीतर क्रिस्टल फिल्टर पट्ट्याबाहेरची ऊर्जा परत ढकलतो आणि कमावलेलं घालवतो. तेवढं करायची माझी तयारी होती. मन उडालं ते ड्राइव्हमुळे.

रिंगमध्ये डायोड कधी उघडायचा हे लोकल ऑसिलेटरचा करंट ठरवतो, पण सिग्नलचा करंटही त्याच डायोडमधून जातो. सिग्नल मोठा झाला की उघडण्याच्या क्षणात त्याचाही हात लागतो, आणि विरूपण तिथेच जन्मतं. त्यामुळे सगळी भिस्त ऑसिलेटर सिग्नलपेक्षा किती वरचढ आहे यावर. आता वेगवेगळ्या बँडवर ऑसिलेटर बफरचा आउटपुट सारखा ठेवून पाहा. माझा वरच्या बँडवर हळूच खाली यायचा. वाईट असं की ते कळत नाही: ड्राइव्ह दोन-तीन डेसिबल कमी झाली तरी कन्व्हर्जन लॉस किंचितच वाढतो, कमजोर स्टेशनं पूर्वीसारखीच ऐकू येतात, आणि संध्याकाळी मोठे सिग्नल आले की भुतं परत. उपाय म्हणून +१७ डीबीएमची रिंग घ्यावी, तर इंटरसेप्ट साधारण १० डेसिबल वर जातो खरा, पण डब्यात ५० मिलिवॅट ऑसिलेटर फिरू लागतो. आयसोलेशन (ऑसिलेटरची गळती अडवणं) ४० डेसिबल धरलं तरी अँटेनाच्या टोकाला उणे २३ डीबीएम उरतात. बफर तापतो, शिट्ट्या वाढतात, प्रत्येक कप्प्याला पत्रा लागतो.

एच-मोड मिक्सर कॉलिन हॉराबिन, जी३एसबीआय, यांनी १९९० च्या दशकात पुढे आणला. त्यात एफएसटी३१२५ सारखा बस-स्विच वापरला की ड्राइव्हचं हे दुखणं मुळातच राहत नाही. कंट्रोल पिनला लॉजिक पातळी मिळाली की झालं. ऑसिलेटरचा करंट सिग्नलच्या वाटेत येतच नाही. शिवाय स्विचचं एक टोक सिग्नलच्या दृष्टीने ग्राउंडवर असल्याने सिग्नल त्याला फारसा हलवू शकत नाही. नीट बांधलेल्या मिक्सरचे +३५ डीबीएमच्या वरचे आकडे अनेकांनी नोंदवले आहेत. माझा तिथे पोचतो की नाही हे सांगता येणार नाही, पण अटेन्युएटरच्या कसोटीत भूत सापडणं जवळजवळ बंद झालं, आणि बँड बदलला तरी वागणूक तीच राहिली.

फुकट काही नाही. ट्रान्सफॉर्मर सममितीने गुंडाळावे लागतात. दुप्पट वारंवारतेचा ऑसिलेटर लागतो, म्हणजे ७४एसी७४ ने त्याला दोनने भागून चोख अर्धा-अर्धा चौकोनी तरंग मिळतो. अर्ध्यात फरक राहिला की सम क्रमाचं विरूपण डोकं वर काढतं. स्विचला अर्ध्या सप्लायच्या आसपास डीसी बायस हवा. तो नसला तर ऋण अर्धतरंगात आतले डायोड चालू होतात, आणि फार वर नेला तर स्विचचा रोध वाढतो. तिथे एक प्रीसेट ठेवा आणि भूत सर्वांत बारीक होईल त्या जागी सोडा. आयएफचं टर्मिनेशन, म्हणजे डिप्लेक्सर वगैरे, इथेही लागतंच. मात्र पदरात इतकी शिल्लक असते की ते थोडं चुकलं तरी रिंगसारखी शिक्षा बसत नाही. एवढं झाल्यावर मर्यादा क्रिस्टल फिल्टर आणि ऑसिलेटरच्या फेज नॉइजकडे (त्याच्या सुराच्या बारीक थरथरीकडे) सरकते, त्यामुळे कागदावरच्या शेवटच्या पाच डेसिबलमागे लागण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

एकाच बँडचा सेट असेल, बफर दमदार असेल आणि तयार रिंग हाताशी असेल, तर ती बदलायचा आग्रह मी धरणार नाही. अनेक बँडचा रिसीव्हर नव्याने मांडत असाल, तर मात्र बोर्डवर एफएसटी३१२५ ची जागा आधी आखून घ्यावी असं मला वाटतं.