लेकरासोबत एक संध्याकाळ: उरुसातला पाळणा, शिर्डी की खोपोलीचं पार्क?

परभणी, जालना, संभाजीनगरकडच्या घरांत सुट्ट्या जवळ आल्या की हा विषय निघतोच. लेकरू मोबाइलवर रोलर कोस्टरचे व्हिडिओ बघून मागं लागलेलं असतं. आई-बापांपैकी एकालाच सुट्टी मिळते आणि खिशाकडंही बघावं लागतं. अशा वेळी लोक राइड किती आणि तिकीट केवढं, याचा हिशोब मांडतात. मी आधी वेगळंच विचारतो: तिथं तुम्ही लेकराच्या शेजारी किती वेळ बसणार आणि कठड्याबाहेर उभं राहून व्हिडिओ किती वेळ काढणार? एकटा बाप किंवा एकटी आई एका लेकराला घेऊन निघते, तेव्हा हा फरक फार मोठा असतो.

आधी आपल्याकडचं बघू. नवरात्रात संभाजीनगरात कर्णपुऱ्याची यात्रा, मार्गशीर्षाच्या शेवटी लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची, फेब्रुवारीत परभणीत तुराबुल हक बाबांचा उरूस, महाशिवरात्रीला लातूरला सिद्धेश्वर. म्हणजे दसऱ्यापासून होळीपर्यंत मराठवाड्यात कुठं ना कुठं आकाशपाळणा उभा असतोच. आत शिरायला पैसे लागत नाहीत. प्रत्येक पाळण्याचे वेगळे द्यायचे, त्यामुळं कुठं थांबायचं ते आपल्या हातात राहतं. संध्याकाळी पाचला घरून निघून नऊला परत येता येतं आणि दुसऱ्या दिवशीची शाळाही बुडत नाही.

माझ्या कसोटीत तर आकाशपाळणा सगळ्यांच्या पुढं आहे. पाळणेवाला वजन सारखं राहावं म्हणून समोरासमोरचे पाळणे भरत जातो, त्यामुळं सुरुवातीला चाक थांबत थांबत वर सरकतं. लोक या थांबण्याला कंटाळतात, पण खरी मजा तिथंच आहे. वर अडकलेल्या पाळण्यात तुम्ही दोघंच असता. खाली सगळा उजेड, आणि लेकरू विचारतं, आपलं घर कुठल्या बाजूला? स्टेशन कुठं? एरवी शाळेत काय झालं म्हणून दहा वेळा विचारा, "काही नाही" एवढंच उत्तर मिळतं. इथं ते आपणहून सांगतं. मग चाक वेग घेतं, उतरताना पोटात गोळा येतो आणि लेकरू तुमचा दंड गच्च धरतं. मौत का कुआँलाही दोघं एकाच फळीवर, एकच कठडा धरून उभे असता. ड्रॅगन ट्रेन आणि मिकी माउसच्या फुग्यावर मात्र तुम्ही बाहेर, चपला सांभाळत. टोराटोरा आणि ब्रेक डान्स या जोरात गरगरवणाऱ्या पाळण्यांवर लहानग्यांना नेऊच नका.

आता उणी बाजू. धूळ असते, भोंगे कानठळ्या बसवतात आणि स्वच्छतागृहाचे फार हाल असतात. मुलीला घेऊन जाणाऱ्या आईला ही शेवटची अडचण खरंच जाचते, म्हणून निघण्याआधी घरीच उरकलेलं बरं. सुरक्षिततेचं तुम्हालाच बघावं लागतं. तिकीट काढण्याआधी बाजूला उभं राहून एक पूर्ण फेरी बघा. पाळण्याची पुढची दांडी लागते का, तिला खिटी आहे का, पाळणेवाला ती स्वतः तपासतो का? "राहू द्या, काही होत नाही" म्हणाला तर तिथूनच मागं फिरा. मोकळे केस बांधा, ओढणी आवळून खोचा. चाकात केस किंवा कपडा अडकून होणारे अपघात फार वाईट असतात.

खोपोलीच्या इमॅजिकाची गोष्ट निराळी. 2013 मध्ये सुरू झालेलं हे पार्क मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत आहे. संभाजीनगरहून पुण्यामार्गे तीनशे किलोमीटरच्या वर, परभणीहून तर आणखी लांब. रेल्वेने जायचं तर देवगिरी एक्स्प्रेसने पहाटे कल्याणला उतरायचं, पुढं कर्जतमार्गे खोपोलीची लोकल. म्हणजे "संध्याकाळ" म्हणून ठरवलेल्या गोष्टीला दोन रात्री आणि एक पूर्ण दिवस लागतो. तिथली संध्याकाळ छान असते, दिवे लागतात, मिरवणूक निघते. पण तोवर लहान लेकरू खांद्यावर झोपलेलं असतं.

तरीही तिथं जावं अशी कारणं आहेत. काळोखातून गाडीत बसून जायचं आणि अलिबाबाच्या चोरांवर नेम धरायचा, यात आई-बाप आणि लेकरू बरोबरीचे गडी होतात. उडत्या खुर्चीतून भारत दाखवणारी राइडही शेजारी बसून करता येते. राजासॉरसच्या होडीत दोघंही भिजता. डायनोसॉरवेड्या लेकराला आधीच सांगून ठेवा, की राजासॉरस खरोखर होऊन गेलेला प्राणी आहे. त्याची हाडं गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडली आणि त्याचं नाव 2003 मध्ये ठरलं. आपल्याच मातीतला डायनोसॉर म्हटल्यावर लेकरू खूश.

घोळ होतो तो उंचीवरून. तिथं मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं आणि मोठ्या राइडना उंचीची अट असते. ज्या नायट्रोचे व्हिडिओ बघून हट्ट सुरू झाला, तो पायाखाली फळी नसलेला रोलर कोस्टर पहिली-दुसरीतल्या लेकराला मिळत नाही. एवढं लांब जाऊन मोजपट्टीशी रडणं नको असेल, तर निघण्याआधी घरच्या भिंतीवर उंची मोजा आणि पार्कच्या नियमांशी ताडून बघा.

शिर्डी मधला पर्याय आहे, आणि समृद्धी महामार्गामुळं जालना-संभाजीनगरकरांना तो फारच जवळ आलाय. (या मार्गावर दुचाकीला बंदी आहे, हे लक्षात ठेवा.) तिथल्या साई तीर्थ या भक्तीच्या थीम पार्कमध्ये गाडीत बसून केलेली तीर्थयात्रा आणि लंकादहनाचा फाइव्ह डी खेळ आहे. सगळं बसून बघण्याचं, छताखालचं, स्वच्छ. सोबत आजी असेल तर याच्यासारखं काही नाही, तिचं दर्शनही होतं. पण ज्याला पोटात गोळा हवा आहे, त्या दहा वर्षांच्या पोराला इथं जांभया येतील. वॉटर पार्क हा दिवसाचा उद्योग, तो संध्याकाळच्या हिशोबात धरू नका. शिवाय 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते बघितलेल्या माणसाला मे महिन्यातल्या वॉटर पार्कचं तिकीट काढताना जरा चुकल्यासारखं वाटतंच. मला तरी वाटतं.

संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान आणि पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान हे फिरायला ठीक. पाळण्याचा हट्ट त्याने भागत नाही. पैठणला कारंजी चालू आहेत का, हे मात्र विचारूनच निघा.

माझं मत विचाराल तर आठ वर्षांच्या आतल्या लेकरासाठी उरूस किंवा यात्राच. खोपोलीचा खर्च चार-पाच वर्षांनी करा. तेव्हा उंचीही पुरेल आणि तुम्हाला चक्कर आली तर ते तुम्हाला धरेल. बारा-तेराचं पोरगं असेल, तर उलट उरुसात ते मित्रांसोबत पळेल आणि तुम्ही भजी खात एकटे बसाल. त्याच्याशी बोलायचं असेल तर खोपोलीच बरी, तिथला जाता-येताचा लांबचा प्रवासही कामाला येतो. सुट्टी जोडून आलेला शनिवार-रविवार टाळा, नाहीतर शेजारी बसण्याऐवजी रांगेत उभंच राहावं लागेल.

यात्रेला निघालात तर शनिवारऐवजी मधला वार धरा, सुटे पैसे घ्या आणि लेकराच्या खिशात तुमचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आत शिरल्याबरोबर, हात सुटला तर कुठल्या खांबापाशी उभं राहायचं, ते त्याला दाखवून ठेवा. रेवड्या आणि गोडीशेव परतताना घ्या, पाळण्याआधी नको.