कार्बोरेटरची गाडी रोजच्या वापरात: अकरा महिने, नऊ हजार किलोमीटर

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, एका बॅरलचा डाउनड्राफ्ट कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग), पॉइंटचं इग्निशन (छोट्या स्विचसारख्या पॉइंटच्या उघडझापीने प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा), मेकॅनिकल पेट्रोल पंप आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या बांधणीच्या बहुतेक गाड्यांना पुढचं सगळं लागू पडतं. आठवड्यातले पाच दिवस रहदारीत आणि महिन्यातून एकदा-दोनदा लांबचा पल्ला, असा वापर. आधी एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) पेट्रोल आणि कॉमन रेल डिझेल चालवून पुन्हा अशा गाडीवर आल्यामुळे फरक जास्त ठळक दिसला.

एवढ्या वापरानंतरचं मत असं: कार्बोरेटर उगाच बदनाम आहे. गाडी मिसिंग मारते, पिकअप नाही, तापते, पेट्रोल पिते, की लगेच कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरच्या स्क्रूला हात घालतं. यातली बरीचशी दुखणी डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना क्रमाने ठिणगी वाटणारा भाग, पॉइंट यातच बसतात) टोपीखाली सापडतात.

ट्यूनिंगचा क्रम ठरलेला आहे: आधी टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप), मग पॉइंट, मग टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ), आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करून उपयोग नाही. पॉइंटचा गॅप हलला की टायमिंग आपोआप हलतं. पॉइंटचा फायबरचा ठोकळा कॅमवर घासून झिजतो, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि स्पार्कही उशिरा पडतो. उशिरा पडलेल्या स्पार्कने इंजिन मरगळतं, जास्त तापतं आणि जास्त पेट्रोल खातं. तिन्ही तक्रारी कार्बोरेटरच्या नावावर जमा होतात, बिघाड मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा असतो.

या इंजिनांना गॅप साधारण ०.४ मिमी लागतो; नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. फीलर गेजचं पातं किंचित घासत सरकलं पाहिजे. वापरलेल्या पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार होतो, त्यावर फीलर गेज खोटं माप दाखवतं. अशा वेळी ड्वेल मीटर (पॉइंट किती वेळ मिटलेले राहतात ते मोजणारा) लावावा किंवा सरळ नवे पॉइंट टाकावेत. कॅमवर ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं. अजिबात नसेल तर ठोकळा हजार किलोमीटरमध्येच गॅप बिघडवतो, जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं आणि गाडी मिसिंग मारते. तीन हजार आरपीएमला हे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करतात, तेव्हा त्यांच्याकडून चिरंतन आयुष्याची अपेक्षा ठेवू नये. मी दर २५०० किलोमीटरला गॅप तपासतो आणि ८००० च्या आसपास पॉइंट बदलतो.

कंडेन्सरबद्दल (पॉइंटमधली ठिणगी शोषणारा छोटा डबा) मात्र तक्रार आहे. हल्ली मिळणारे नवे कंडेन्सर भरवशाचे नाहीत. अकरा महिन्यांत दोन गेले, दोन्ही नवे कोरे. कंडेन्सर गेल्याची खूण म्हणजे पॉइंटमध्ये निळसर-पिवळी ठिणगी जोरात दिसते, पॉइंट भराभर जळतात आणि रेस दिली की सायलेन्सरमधून फटाके वाजतात. चालता, नीट काम करणारा जुना कंडेन्सर हाती असेल तर तो फेकू नका.

कॉइल (बॅटरीच्या व्होल्टेजचं स्पार्कसाठी उच्च व्होल्टेज करणारी) घेताना रेझिस्टन्स मोजून घ्यावा. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी ठेवणारा) नसलेल्या वायरिंगला प्रायमरी साधारण ३ ओमची कॉइल लागते. बॅलास्ट असेल तर १.५ ओमच्या जवळपासची. १.५ ओमची कॉइल बॅलास्टशिवाय जोडली तर करंट दुप्पट होतो, कॉइल हात लावू देत नाही आणि पॉइंट जळतात. उलट केलं तर स्पार्क दुबळा पडतो आणि सकाळी सेल्फ मारत बसावं लागतं. दिसायला दोन्ही कॉइल सारख्याच, त्यामुळे इथे फसगत हमखास होते.

आता गरम झाल्यावर गाडी बंद पडण्याबद्दल. हे दुखणं सर्वात जास्त छळतं आणि याचंच निदान सर्वात जास्त चुकतं. गाडी वीस-पंचवीस मिनिटं छान चालते, मग रहदारीत घुसमटून बंद पडते, अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी सुरू होते. लगेच निदान तयार: पेट्रोल लाइनमध्ये वाफ धरली. मग पंपावर ओलं फडकं, कपड्यांचे चिमटे वगैरे प्रयोग सुरू होतात. पण तापल्यावर आतून तुटणारी कॉइल हुबेहूब हेच करते. दोन्हींतला फरक दोन मिनिटांत कळतो. इंजिन बंद, एअर फिल्टरचं झाकण काढलेलं. कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघत अॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढावी. पंप जेटमधून पेट्रोलची बारीक, सलग धार पडली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरच्या छोट्या टाकीत) पेट्रोल आहे, वाफेचा विषय तिथेच संपला. मग झाकण परत बसवायचं, पेट्रोलची वाफ जाऊ द्यायची आणि कार्बोरेटरपासून लांब एक जादा प्लग इंजिनच्या धातूला घट्ट टेकवून सेल्फ मारून स्पार्क बघायचा. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी किंवा काहीच नाही, तर कॉइल, कंडेन्सर किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली छोटी लवचिक वायर. ही वायर पॉइंटच्या प्लेटबरोबर रोज हलून आतून तुटते, वरचं कव्हर मात्र शाबूत दिसतं. मल्टिमीटर लावून प्लेट बोटाने फिरवली की सापडते.

धार आलीच नाही तर वाफ खरी. तेव्हा पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून किती लांब आहे ते बघावं, आणि कार्बोरेटरखालचा बेकेलाइटचा जाड ठोकळा जागेवर आहे ना हेही. तो फुटला की कित्येकदा त्याऐवजी नुसतं कागदी गॅस्केट टाकलेलं सापडतं. मग मॅनिफोल्डची (कार्बोरेटर ज्यावर बसतो त्या नळीची) उष्णता थेट फ्लोट चेंबरला लागते.

तिसरा प्रकार वेगळाच. गरम गाडी दहा मिनिटं उभी केली की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि गाडी ओव्हरफ्लो होते (इंजिनमध्ये गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जातं). अशा वेळी चोक ओढायचा नाही, पंपिंग करायचं नाही. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरायचा आणि सेल्फ मारायचा.

कार्बोरेटरचं स्वतःचं दुखणं असतंच, नाही असं नाही. रिपेअर किटमध्ये गॅस्केट, निडल व्हॉल्व्ह (फ्लोट चेंबरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारा) आणि कार्बोरेटरमधल्या पंपाचा डायफ्रॅम मिळतो, पण ज्या भागाची झीज सर्वात जास्त त्रास देते तो किटमध्ये नसतो: थ्रॉटलची (हवेच्या झडपेची) दांडी. दांडीची भोकं लंबगोल झाली की तिथून हवा ओढली जाते, स्लो (उभ्या गाडीत इंजिनचा वेग) कधी स्थिर राहत नाही, स्क्रू कितीही फिरवा. दांडी बोटात धरून वरखाली हलवून बघावी. खडखड जाणवली तर लेथवर भोकं मोठी करून पितळी बुश बसवणं हा एकच इलाज. बेस गॅस्केटची गळती शोधायला गरम इंजिनवर स्प्रे मारण्याची पद्धत आहे, ती आगीला आमंत्रण आहे. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं जोडाभोवती फिरवलं की शिट्टीसारखा आवाज बरोबर जागा दाखवतो. फॅनपासून जपून.

स्लो सेटिंग पूर्ण गरम इंजिनवर, चोक पूर्ण उघडा असताना. मिक्सचरचा स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत न्यावा (आवळला तर टोकाला कड पडते आणि तो कायमचा बिघडतो), मग दीड आटे बाहेर. तिथून पाव-पाव आटा फिरवत जिथे इंजिन सर्वात जास्त आणि सर्वात गुळगुळीत फिरतं ती जागा धरावी आणि थ्रॉटलच्या स्क्रूने आरपीएम आठशेच्या आसपास आणावेत.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रश्न जुन्या गाडीला टाळता येत नाही. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. २० टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून जास्त पेट्रोल सोडतो, कार्बोरेटरला ते ठाऊक नसतं, जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) तेवढंच राहतं. परिणामी इंजिन लीन (हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर) चालतं: स्थिर वेगात झटके, प्लगची टोकं पांढरी, एक्झॉस्ट तापलेला. उपाय अवघड नाही. ११५ नंबरचं मेन जेट म्हणजे १.१५ मिमीचं भोक. त्याऐवजी १२० टाकलं तर क्षेत्रफळ सुमारे ९ टक्के वाढतं, म्हणजे बरोबर हवं तेवढं. आयडल जेटही एक पायरी वाढवावं लागलं. वायर घालून जेटचं भोक मोठं करण्याचा उद्योग करू नये.

रबराचं काय? जुन्या नळ्या इथेनॉलने मऊ पडतात, आतून सोलपटतात आणि ती काळी पूड निडल व्हॉल्व्हमध्ये अडकून ओव्हरफ्लो सुरू होतो. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या आणि मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा तसाच डायफ्रॅम पहिल्याच आठवड्यात टाकावा. टाकीच्या बाजूला पारदर्शक फिल्टर लावला तर तळाला बसलेला गंज आणि पाणी डोळ्यांनी दिसतं. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, रिकाम्या जागेत दमट हवा शिरते.

शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं हेड असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या गॅपची नोंद ठेवा. शिशाविना सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि गॅप कमी होतो. टॅपेटचा आवाज आपोआप कमी झाला म्हणून खूश होऊ नये, ती वाईट बातमी असते.

ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरल, पाच हजारला बदल. नव्या गाड्यांसाठीच्या पातळ ग्रेडमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटला झिजेपासून वाचवणारं फॉस्फरसयुक्त द्रव्य त्यामुळे कमी पडतं. महागडं सिंथेटिक टाकून लाड करण्यात अर्थ नाही.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. माझ्या मते तो चुकीचा आहे. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट नसेल तर थंडीत इंजिन तापमानालाच येत नाही, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं आणि टॅपेट कव्हरखाली पिवळट साय जमते. आधी टायमिंग बघा, मग रेडिएटरचं झाकण. ०.५ बारचं झाकण दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा १११ अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग ढिली झाली की १०० लाच. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं.

ड्रम ब्रेक चांगले लागतात, पण सेटिंग मागतात. दर तीन हजारला चाक उचलून अॅडजस्टर शू घासेपर्यंत फिरवायचा आणि चाक मोकळं फिरेल एवढाच मागे घ्यायचा. गाडी एका बाजूला ओढली तर सेटिंगशी खेळण्याआधी ड्रम उघडून व्हील सिलिंडर गळतंय का बघावं. फ्लुइडने भिजलेले शू धुऊन परत लावू नयेत, ते बदलायचेच. लांब उतारावर ड्रम तापून ब्रेक कमी लागतात, म्हणून खालचा गिअर आधीच टाकावा. या गाडीला ब्रेकचं एकच सर्किट आहे. एक रबरी होस फुटला की चारही चाकं गेली. त्यामुळे सगळे होस सुरुवातीलाच नवे, आणि डॉट ४ फ्लुइड दोन वर्षांनी बदलायचं. नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शोषून तो १५५ पर्यंत घसरू शकतो.

हेडलाइट मिणमिणता होता. बल्बपाशी मोजलं तर बॅटरीपेक्षा दीड व्होल्ट कमी. व्होल्टेज दहा टक्के कमी पडलं की हॅलोजनचा प्रकाश तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. दोन रिले, जाड वायर आणि बॅटरीपासून बॉडीला नवी अर्थिंग, एवढ्यावर काम झालं. जास्त वॅटचे बल्ब घालायची गरज पडली नाही.

मायलेज टाकी फुल टू फुल मोजून: सुरुवातीला १०.८, आता १३.६. यात सर्वात मोठा वाटा टायमिंगचा आणि इंजिनच्या ओढीने (व्हॅक्यूमने) टायमिंग पुढे सरकवणाऱ्या, फाटलेल्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सच्या डायफ्रॅमचा. तो तपासायला नळी तोंडाने ओढून जिभेने बंद धरावी. प्लेट सरकून तिथेच थांबली पाहिजे.

डिझेलच्या तुलनेत आवाज आणि ओढ यांत ही गाडी कुठेच नाही. पण त्या गाडीच्या रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) १६०० बारच्या वर दाब आणि इथे पंपाचा पाव बार. तिथे इंजेक्टरला घरी हात लावता येत नाही, इथे अख्खा कार्बोरेटर टेबलावर दोन तासांत उघडून बसवता येतो. दर आठवड्याला अर्धा तास बॉनेट उघडायची तयारी नसेल त्याने मात्र रोजच्या कामाला अशी गाडी घेऊ नये. साइड इम्पॅक्ट बीम नाही, एअरबॅग नाही, त्यामुळे लहान मुलांना घेऊन हायवेवर जाण्याचं काम दुसऱ्या गाडीकडेच ठेवलं आहे.

डिकीत असतं ते असं: सेट करून ठेवलेले पॉइंट, चालता कंडेन्सर, रोटर, फॅन बेल्ट, एक मीटर पेट्रोलची नळी आणि क्लिपा, दोन प्लग, टेस्ट लॅम्प. अजून राहिलेलं काम म्हणजे दुसऱ्या गिअरचा सिंक्रो रिंग (गिअर अलगद जुळवणारी कडी). थंड असताना खाली टाकला की कर्रकन वाजतो, डबल क्लच मारला (न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबला) की गुपचूप पडतो. गिअरबॉक्स उतरवायचाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच वेळी बदलणार, म्हणून सामान गोळा होईपर्यंत डबल क्लचवरच चाललं आहे.