पफ पॅनेलचं छत: दोन उन्हाळे काढल्यावर लिहितोय

आमचं घर चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, आधी साधे टिनाचे पत्रे होते आणि नवतप्यात दुपारी आत बसणं म्हणजे शिक्षाच, कुलर लावला तरी गरम हवाच फिरायची. आईचं बीपी वाढायला लागलं तेव्हा ठरवलं की आता छत बदलायचंच.

५० एमएमचे पॅनेल टाकले, वर-खाली रंगीत पत्रा आणि मधात पफचा म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम, फोमची डेन्सिटी (घनता) घनमीटरला ४० किलोची मागा, हलका माल देतात काही जण. फरक खरंच मोठा आहे, दुपारी वरून जी आग यायची ती बंद झाली, पावसाचा धाडधाड आवाजही लय कमी झाला, आई आता दुपारी निवांत झोपते याचंच मला जास्त समाधान.

पण फिटिंगवाल्यानं घोळ केला. माथ्यावर दोन्ही उतार जिथं मिळतात तिथली फट फोमनं भरलीच नाही, वरून नुसता पत्र्याचा कोना ठोकला. पहिल्याच पावसाळ्यात तिथून ठिबकायला लागलं आणि उन्हाळ्यात झळ पण तिथूनच. दुसऱ्या मिस्त्रीकडून फोम मारून, सिलिकॉन लावून घेतलं, मग थांबलं. पॅनेल कितीही चांगलं असू द्या, जोड उघडा राहिला तर पैसे पाण्यात, म्हणून काम चालू असताना स्वतः शिडीवर चढून बघा. स्क्रूखाली रबराचे वायसर आहेत का तेही बघा. आणि पश्चिमेची भिंत तापत असेल तर नुसत्या छतानं भागणार नाही, आम्ही तिकडं मांडव घातलाय.