बागायत का कोरडवाहू? डीएनएवर पीएचडी करताना पडणारा प्रश्न

नेट-सेट निघालं, गाइड मिळाले, 'डीएनएला चिकटणारे रेणू' असा ढोबळ विषयही ठरला, की पोरं हमखास विचारतात, "सर, मेल्टिंग करू का सिम्युलेशन?" मेल्टिंग म्हणजे डीएनए तापवून त्याचे दोन धागे कुठल्या तापमानाला सुटतात ते मोजायचं; सिम्युलेशन म्हणजे त्याच रेणूची हालचाल कॉम्प्युटरवर चालवून बघायची. मी दोन्ही केलंय, म्हणून मला विचारतात. मनातल्या मनात मी या दोघांना बागायत आणि कोरडवाहू म्हणतो. एकाला पाणी लागतं, दुसऱ्याचं नुसत्या लाइटीवर भागतं.

मराठवाड्यात बसून सल्ला द्यायचा तर कोरडवाहूच म्हणायला पाहिजे. काचेचं डिस्टिलेशन ज्यानं चालवलंय त्याला ठाऊक आहे, लिटरभर शुद्ध पाण्यासाठी कंडेन्सरमधून नळाचं पाणी बादल्यांनी वाहून जातं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. तेव्हा आम्ही कंडेन्सरचं पाणी ड्रममध्ये धरून तेच पुन्हा फिरवायचो. दुपारपर्यंत ते इतकं तापायचं की वाफ थंड होईना. त्यात ऑलिगो, म्हणजे डीएनएचे तयार छोटे तुकडे, मागवायचे तर तीन कोटेशनं आणि परचेस कमिटीची मीटिंग. सिम्युलेशनवाल्याला यातलं काहीच नाही. आज एका बऱ्या ग्राफिक्स कार्डावर बारा बेसजोड्यांच्या, म्हणजे पीळदार शिडीच्या बारा पायऱ्यांच्या, डीएनएची शंभर नॅनोसेकंदांची हालचाल दिवसात सहज निघते. लाइट गेलीच तर चेकपॉइंटपासून, म्हणजे शेवटचं साठवलेल्या जागेपासून, पुढे.

मीही तिथूनच सुरुवात केली. २००६ साली डिकरसन या शास्त्रज्ञाचा प्रसिद्ध १२ बेसजोड्यांचा तुकडा घेतला, ज्याची रचना १९८०-८१ मध्ये आली तोच, आणि त्याच्या अरुंद खाचेत एक औषधी रेणू बसवला. विभागातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर एक नॅनोसेकंद काढायला तीनेक दिवस लागायचे. पंधरा नॅनोसेकंदांच्या आसपास पीळ हळूहळू सैल पडायला लागला. मला वाटलं, औषधाचा परिणाम सापडला! स्लाइड केल्या, सेमिनार दिला, गाइडनं पाठ थोपटली. मग कंट्रोल म्हणून औषधाशिवायचा नुसता डीएनए चालवला. थोडा उशिरा, पण त्याचाही पीळ सुटला.

२००७ मध्ये बार्सिलोनाच्या गटाचा पेपर हाती आला तेव्हा उलगडा झाला. त्या वेळच्या अँबर फोर्स फील्डमध्ये (अणूंची एकमेकांवरची ओढ ठरवणाऱ्या सूत्रांच्या संचात) डीएनएच्या पाठकण्यातले अल्फा आणि गॅमा हे कोन लांबच्या रनमध्ये कलंडायचे आणि परत जागेवर यायचेच नाहीत. त्यांनी दुरुस्ती केली, तिचं नाव पार्मबीएससी-झिरो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगण खरोखरच वाकडं होतं. चुकलो याचं तेवढं वाटलं नाही. पण दीड महिना रोज सकाळी स्क्रीनवर तो गोजिरवाणा रेणू बघून मी खूश होत होतो आणि कुठं काही बिघडल्याची खूणसुद्धा दिसत नव्हती, हे मला फार डाचलं. आजही डाचतं. फोर्स फील्ड त्यानंतर पुष्कळ सुधारल्या हे मान्य आहे, आणि हा माझ्याच स्वभावाचा दोषही असेल.

मेल्टिंगही फसवतं, पण तोंडावर फसवतं. बाटलीतला काफ थायमस (वासराच्या थायमस ग्रंथीतला) डीएनए दिसतो थेट सरकीतून काढलेल्या कापसासारखा; रात्रभर बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या मिठाच्या द्रावणात, फुगू द्यायचा. २६० नॅनोमीटरला शोषण बघत तापमान मिनिटाला अर्धा अंश चढवायचं. दोन धागे सुटले की शोषण तीसेक टक्क्यांनी वर जातं. मध्येच ५० अंशांच्या आसपास आलेखानं उडी मारली, तर झाकण उघडून बघा: क्युव्हेटच्या, म्हणजे नमुन्याच्या क्वार्ट्झ डबीच्या, भिंतीला हवेचा बुडबुडा चिकटलेला असतो. मीठ कमी पडलं तर वितळणबिंदू खाली घसरतो, आणि बफर कुणी केला ते लगेच कळतं. ६२ अंशांवर लाइट गेली तरी छोटे तुकडे थंड केले की पुन्हा जुळतात. काफ थायमस मात्र नीट जुळत नाही, त्याला नवा नमुनाच घ्यावा लागतो.

औषध खाचेत नेमकं कुठं आणि कसं बसलंय, हे मेल्टिंग सांगत नाही. या दोघांत ते सिम्युलेशनच दाखवतं. घरची जबाबदारी असेल, रोज लॅबला येणं जमणार नसेल, किंवा पुढं पुण्या-हैदराबादला कॉम्प्युटरवरचंच काम करायचं असेल, तर कोरडवाहू घ्या, मी अडवणार नाही. फक्त औषधाशिवायचा कंट्रोल पहिल्या आठवड्यातच चालवा, माझ्यासारखा सेमिनारनंतर नको.

आणि मन बागायतीकडंच ओढत असेल, तर बफरमधली हवा रन लावायच्या आधी व्हॅक्यूमवर काढून घ्या, क्युव्हेटमध्ये वर तेलाचा पातळ थर द्या. मे महिन्यात रन सकाळी सहालाच लावायची. अकरा वाजता आमच्याकडं खोलीच चाळिशीला टेकलेली असते.